आमच्या हौदात कात्रजचं पाणी होतं

पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात हौद होता. काळ्या दगडाचा, चौकोनी, आत उतरायला सात पायऱ्या. एप्रिल-मेमध्ये नळ कोरडे पडायचे तेव्हासुद्धा त्याची चौथी पायरी उघडी पडलेली मी कधी पाहिली नाही. आई त्यातून घागरीनं पाणी काढायची, भांड्या-धुण्याला आणि बंबात घालायला. प्यायला नळाचं. पण आजीचा हट्ट असा, की देवाच्या तांब्यात हौदाचंच पाणी हवं. का, असं विचारलं की ती म्हणायची, "ते कात्रजचं आहे." त्यापुढे काही सांगायची गरज तिला वाटत नसे. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत कात्रज हे मला हौदात राहणाऱ्या देवीचं नाव वाटायचं.

दादा, म्हणजे माझे वडील, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. पहाटे साडेचारला सायकलच्या दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधून निघायचे. कुठल्या गल्लीत किती फेरे दिले की पाणी कुठल्या मजल्यापर्यंत चढतं, हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं. मी त्यांचं बोट धरून मंडईत जायची तेव्हा ते आजूबाजूला फारसे बघायचे नाहीत, रस्त्याकडे बघायचे. "इथून आठ इंची लाइन गेलीये. इथे जुना खापरी नळ आहे. आणि इथे, हे बघ, इथे खाली कात्रज आहे." देवळावरून जाताना लोकांचा हात आपोआप छातीशी जातो, तसा त्या जागी त्यांचा आवाज खाली यायचा.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या भाच्यामुळे. तो सिव्हिल इंजिनिअर आहे, हिंजवडीत नोकरी करतो. डिसेंबरात त्याचे हैदराबादचे दोन मित्र आले होते. गोवळकोंडा ज्यांनी लहानपणापासून पाहिलाय अशा पोरांना तो मोठ्या हौसेनं शनिवारवाड्यात घेऊन गेला. दिल्ली दरवाजा पाहून ती खूश झाली. मग आत गेली. हिरवळ, जोती, कारंज्याचा हौद, पुन्हा जोती. वीस मिनिटांत बाहेर आली आणि एकानं अगदी सरळ मनानं विचारलं, "इतकंच?" त्या रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, मला उत्तर देता आलं नाही गं. ते गोवळकोंड्यात खापराच्या नळांनी पाणी डोंगरावर कसं चढवलं ते सांगत होते. आणि आपण राजधानी होतो म्हणजे नक्की काय होतो?"

मी म्हटलं, पाण्याचाच विषय निघालाय ना, मग रविवारी सकाळी सहाला कात्रजला ये. पायात बूट घालून ये.

राजधानी या शब्दाबद्दल आधी थोडं. काटेकोरपणे बोलायचं तर गादी साताऱ्याला होती. छत्रपती शाहू महाराज तिथे, आणि पेशवा हा त्यांचा प्रधान. पुण्याचं मूळ त्याहून जुनं, मुठेच्या काठचा कसबा. शिवाजी महाराजांचं बालपण इथल्या लाल महालात गेलं आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाएस्तेखानावर छापा पडला तोही इथेच. पण पुणं साम्राज्याचं ठाणं झालं ते पहिल्या बाजीरावानं इथे वाडा बांधल्यावर. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून शनिवारवाडा. त्यानंतरची पाऊणशे-ऐंशी वर्षं दिल्लीपासून तंजावरपर्यंतचे वकील या दरवाज्याशी ताटकळत होते.

शाळेत आम्हाला एवढं शिकवलं. पण राजधानी म्हणजे नुसता वाडा नव्हे. शिलेदार येतात, सावकार येतात, कारकून, सोनार, कासार, तांबट, गवंडी, भिक्षुक, आचारी येतात. त्यांच्या घोड्यांना, बैलांना, हत्तींना पाणी लागतं. जुना कसबा नदीच्या आणि नागझरी ओढ्याच्या कुशीत होता, त्याचं भागत होतं. नव्या पेठा वसत गेल्या त्या दक्षिणेला, नदीपासून लांब आणि चढावर. मुठेचं पाणी आपण होऊन चढ चढणार नाही. ते आणायचं तर शहराहून उंच जागेवरूनच आणायला हवं. ही गोष्ट ज्याला कळली त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

नानासाहेब पेशवे, बाजीरावांचे थोरले चिरंजीव. त्यांचं नाव काढलं की पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला तिकडे मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गेले, आणि २३ जूनला इकडे पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला. ते दुःख खरंच आहे. पण पुण्यात राहणाऱ्या माणसानं त्यांना एवढ्यावरच मिटवू नये असं मला मनापासून वाटतं. १७४९ च्या सुमारास त्यांनी कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधायला घेतले आणि तिथून दगडी नळ जमिनीखालून थेट शहरात आणला. सुमारे दहा किलोमीटर. मोट नाही, रहाट नाही, हत्ती-बैलांचं बळ नाही. नुसता उतार.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही खालच्या तलावाच्या काठावर उभे होतो तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर वाफ होती, काठावर माणसं भराभर चालत होती, आणि पलीकडे प्राणिसंग्रहालयाच्या झाडीतून मोर ओरडत होते. पालिकेनं या जागेला नानासाहेबांचंच नाव दिलंय, ते मला फार योग्य वाटतं. तलाव दोन आहेत, एक वर आणि एक खाली. वरच्यात डोंगरावरून येणारं गढूळ पाणी थांबतं, गाळ बसतो, आणि निवळलेलं पाणी खालच्यात येतं. भाच्यानं बांधाचा दगड बघितला, हात फिरवला. "म्हणजे सेटलिंग टँक," तो म्हणाला. हो. आमचे दादा निवळण म्हणायचे.

या तलावांवर येतो तो आंबिल ओढा. तो मुळात शहराच्या अंगावरून, आजच्या शुक्रवार पेठेच्या बाजूनं वाड्याच्या दिशेला वाहत होता. नानासाहेबांनी त्यालाही पश्चिमेकडे वळवलं, पर्वतीच्या पायथ्याकडून, आणि पुढे मुठेत सोडलं. मोकळ्या झालेल्या जागेत पेठा वाढल्या. पर्वतीखाली तलाव झाला, त्यात बेट राखलं, आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपती बसवला. आज आपण सारसबागेत जातो, गवतावर बसून भेळ खातो, ते त्या तळ्याच्या तळाशी बसून. म्हणून तो तळ्यातला गणपती. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी इकडेतिकडे पाणी शोधतो.

ओढा वळवता येतो, पण तो आपली वाट सोडत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या वर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा दोन्ही काठांच्या घरांत शिरला. माणसं गेली. भिंती गेल्या, दावणीची जनावरं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. माझी एक मैत्रीण रात्रभर दोन मुलांना घेऊन माळ्यावर बसून होती. काठावर किती ठिकाणी ओढ्याचं अंग आवळलं होतं ते दुसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. त्या काठानं चालताना आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही.

तलावापासून आम्ही शहराच्या दिशेनं निघालो. नळ दिसत नाही, हे आधीच सांगितलं पाहिजे. तो खाली आहे, माणूस उभ्यानं चालू शकेल एवढा मोठा, दगडाचा आणि चुन्याचा. त्यावर आता धनकवडी आहे, बालाजीनगर आहे, सातारा रस्ता आहे. वर दिसतात ते फक्त उच्छ्वास.

हा शब्द माझ्या अत्यंत आवडीचा. नळ लांबचा आहे, मध्ये हवा कोंडली तर पाणी अडेल किंवा दाबानं बांधकाम फुटेल. म्हणून ठरावीक अंतरावर उभे दगडी मनोरे बांधून नळाला वर तोंड दिलं, तिथून हवा बाहेर पडते. साफसफाईला उतरायलाही त्यांचाच उपयोग. या तोंडांना उच्छ्वास म्हणायचं ज्याला सुचलं त्याच्या लेखी तो नळ जिवंत होता.

दादांनी मला लहानपणी दाखवलेल्यांपैकी एक मला अंधुक आठवत होता. तेव्हा तिथे ज्वारीचं शेत होतं. आता शेत कुठलं? दोन गल्ल्या चुकलो, तिसऱ्या वेळी एका सोसायटीच्या फाटकातून तो दिसला. पार्किंगच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ चिकटून, दोन पुरुष उंचीचा चौकोनी दगडी खांब. अर्धा पिवळ्या ऑइल पेंटनं रंगवलेला, वर पिंपळाचं रोप.

"काकू, कुणाकडे जायचंय?" वॉचमननं विचारलं.

मी त्या खांबाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं आम्ही भाविक. "देवाचं आहे ते," तो म्हणाला. "काय देव ते माहीत नाही, पण नारळ फोडतात लोक." मी त्याला सांगितलं हे काय आहे. तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावचा होता, त्याच्या गावात दुष्काळ पाहिलेला. त्यानं दगडाला कान लावला. खरंच लावला. मग भाच्यानं लावला. मला ऐकू आलं असं मी म्हणणार नाही, रस्त्यावर वाहतूक सुरू झाली होती. पण दगड गार होता, आणि जानेवारीच्या गारव्याहून तो गारवा वेगळा होता.

तिथून पद्मावती, मग डावीकडे पर्वती दिसायला लागली. चढायला मी नको म्हटलं, गुडघे आता १०३ पायऱ्यांना राजी नसतात. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळही नानासाहेबांचंच आणि नळाच्याच काळातलं. एकाच माणसाच्या हाताखाली एकाच वेळी टेकडीवर देऊळ उभं राहत होतं आणि टेकडीच्या बाजूनं जमिनीखाली नळ खणला जात होता. देवळाचे फोटो घराघरांत आहेत. नळाचा फोटो मी कुणाच्या भिंतीवर पाहिलेला नाही.

स्वारगेटला चहा घेतला. मार्च २०१९ मध्ये इथेच मेट्रोच्या कामासाठी खोदताना यंत्राचा दात जुन्या दगडी भुयारावर लागला होता. टीव्हीवर दिवसभर "स्वारगेटला भुयार सापडलं" चाललं होतं. कुणी म्हणे शनिवारवाड्यातून पळून जायची वाट, कुणी म्हणे खजिना. दादा तेव्हा हयात होते, ऐंशी उलटलेले. बातम्या बघताना ते पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "अरे, सापडलं काय? हरवलं कधी होतं?" त्यांनी मला त्याच दिवशी रिक्षानं तिथे न्यायला लावलं. पत्र्याच्या आडून काही दिसलं नाही. ते तिथे काठीवर हात ठेवून दहा मिनिटं उभे राहिले आणि मग म्हणाले, चल घरी. त्या वर्षाअखेरीस ते गेले.

शहरात शिरल्यावर नळाला फांद्या फुटतात. मुख्य नळातून खापरी नळ निघायचे आणि पेठापेठांतल्या हौदांत पाणी सोडायचे. एक हौद भरला की पाणी पुढच्या हौदाकडे. श्रीमंतांच्या वाड्यांत खासगी हौद होते, पण चव्हाट्यावरचे हौदही पुष्कळ होते, आणि मला या शहराचं मोठेपण त्या चव्हाट्यावरच्या हौदांत दिसतं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी हौद, नाना हौद, पंचहौद. आज या नावांनी रिक्षा मिळते. साततोटीला जायचंय म्हटलं की रिक्षावाला मान हलवतो, पण सात तोट्या कशाच्या हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पंचहौद आमच्याच पेठेतला. तिथे १८८५ पासून मोठं चर्च उभं आहे, विटांचा उंच घंटाघर-मनोरा आम्हाला गच्चीतून दिसायचा. १८९० साली त्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्याच्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या चहावरून शहरात केवढं वादळ उठलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कपभर चहाचं हे, तर पाण्याचं काय असेल?

म्हणून हौदांचं कौतुक सांगताना पुढचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चव्हाट्यावरचा हौद सगळ्यांचा नव्हता. ज्या हातांनी खणलं, दगड वाहिले, त्यांतल्या कितीतरी हातांना त्या पाण्याला शिवायची मनाई होती. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात हौदाशेजारी रिकामी घागर घेऊन कुणी वरून पाणी घालेल का म्हणून वाट बघणारी बाई उभी असायची. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आमच्या वाड्यापासून ते घर चालत दहा मिनिटांवर. जोतीराव नुसतं बोलणारे नव्हते, बांधकामाचे कंत्राटदार होते. कात्रजच्या घाटातला बोगदा, खडकवासल्याचा कालवा अशा कामांवर त्यांनी माणसं लावली होती. पाणी कुठून येतं, कसं येतं, कुणाच्या घामानं येतं हे हिशेबासकट त्यांना ठाऊक होतं. नानासाहेबांनी पाणी शहरात आणलं, पण ते शेवटच्या घागरीपर्यंत पोचवायला जोतीराव लागले. माझ्या मनात ही दोन नावं एकाच नळाच्या दोन टोकांना आहेत. कुणाला हे आवडेल, कुणाला आवडणार नाही. मी चावीवाल्याची मुलगी आहे. पाणी टाकीत किती आहे याला आमच्या घरात मोल नव्हतं, शेवटच्या घराच्या नळाला किती धार आली याला होतं.

आणि मग बाहुलीचा हौद. फरासखान्याजवळ, बुधवार पेठेत. रोज हजारो माणसं त्याच्यावरून जातात. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्या काळचे नावाजलेले शल्यविशारद, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी आपल्या मुलीला, काशीबाईला, शिकवायला सुरुवात केली. मुलीचं लाडाचं नाव बाहुली. नातेवाइकांना आणि जातवाल्यांना तिचं शिकणं सहन झालं नाही. सांगतात, की कुणीतरी तिला काच कुटून घातलेला लाडू खायला दिला. १८६९ चा जन्म, १८७७ साली मृत्यू. आठ वर्षांची. बापानं तिच्या नावानं चव्हाट्यावर हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला.

दादा मला तिथे घेऊन गेले तेव्हा मी आठ वर्षांचीच होते, तिसरीत. लेखावरचं "आपली प्रिय कन्या" हे त्यांनी बोटानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "तुला शाळेत जाताना कंटाळा येतो ना, तेव्हा इथून जात जा." रागावून म्हणाले नाहीत. पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले, बत्तीस वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी पाचवीच्या मुलींना त्या हौदापाशी घेऊन गेले. शाळेच्या सहलीच्या यादीत ते कधी नव्हतं. मधल्या सुट्टीत चालत जायचो आणि घंटेआधी परत यायचो.

भाचा बराच वेळ लेखापुढे उभा होता. त्यानं फोटो काढून हैदराबादला पाठवला.

शनिवारवाड्याशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. रविवारची गर्दी. दिल्ली दरवाज्याचे खिळे मुलं मोजत होती, गाईड नारायणरावांच्या खुनाची गोष्ट आवाज चढवून सांगत होता. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीत, सतरा-अठरा वर्षांचा पेशवा आपल्याच वाड्यात गारद्यांनी मारला. ती गोष्ट भयंकर आहे, आणि अमावास्येला त्याच्या हाका ऐकू येतात या वदंतेपेक्षा जास्त आदरानं सांगितली जावी असं मला वाटतं. पुढे १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली. आतलं सगळं सागवानी होतं, दिवसच्या दिवस जळत राहिलं. पाच दरवाजे आणि तट राहिला, म्हणून आत काही नाही. हैदराबादच्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे.

उरलेलं अर्धं हजारी कारंज्यात. सवाई माधवरावांच्या बाळपणी केलेलं, सोळा पाकळ्यांचं कमळ. आता कोरडं असतं. भाचा त्याच्या काठावर टेकला आणि बोटानं हवेत रेघ ओढत राहिला. "तलाव तिकडे वर. इथपर्यंत पंप नाही. म्हणजे इथे कारंजं उडतं ते नुसत्या उंचीच्या फरकानं." मग थोड्या वेळानं, "मावशी, दहा किलोमीटरचा उतार त्यांनी कशानं साधला असेल? जरा चढ राहिला तरी पाणी थांबेल, जास्त उतार दिला तर दगड खरवडून निघेल." मी म्हटलं, ते मला येत नाही, ते तुझं काम. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला मी सकाळपासून चालत होते.

आता आमच्या हौदाचं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. नदीकाठच्या पेठांचे वाडे मातीच्या ढेकळांसारखे विरघळले. मी तेव्हा जन्माला यायची होते, पण ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती आठवते असं वाटतं. नळाचं पाणी खडकवासल्याचं, धरणच गेल्यावर नळ कसले येणार? दादा नोकरीला नुकते लागलेले. ते चार दिवस घरीच आले नाहीत. आजीनं वाड्याचा दिंडी दरवाजा उघडून ठेवला आणि ओळीनं लोक आले. नारायण पेठेतून, शनिवारातून, चिखलानं भरलेल्या अंगांनी. त्या दिवशी आजीनं देवाचा तांब्यासुद्धा बाजूला ठेवला, कुणाची जात विचारली नाही. दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी होतं आणि ते पुरलं.

१९९६ साली वाडा पाडला. भाडेकरू थकले होते, मालक थकले होते, तुळया वाळवीनं खाल्ल्या होत्या. मी कुणाला दोष देत नाही. पण हौद ठेवा म्हणून दादांनी बांधणाऱ्याला तीनदा सांगितलं, एकदा लिहूनही दिलं. एका सोमवारी सकाळी गेलो तर राडारोड्याचे ट्रक रिकामे होत होते. पायऱ्या दिसत नव्हत्या. दादा घरी आले, त्यांनी चावी तेलानं पुसली, आणि माळ्यावर ठेवली. निवृत्त होऊन तेव्हा काही महिने झाले होते.

इमारत उभी राहिली, त्यात आम्हाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी यायला लागलं. पावसाळा संपला तरी थांबेना. मे महिन्यातही थांबेना. वॉटरप्रूफिंग झालं, दोनदा. शेवटी खड्डा करून पंप बसवला. तो दिवसातून चार-पाच वेळा आपोआप सुरू होतो आणि ते पाणी बाहेरच्या गटारात टाकतो. शहराच्या जुन्या भागात अशा पंपांचे आवाज किती इमारतींतून येतात ते कधी लक्ष देऊन ऐका.

गेली दोन वर्षं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच विषय मांडत होते, की ते पाणी गटारात सोडू नका, जिन्याला, गाड्यांना, झाडांना वापरा. वयस्कर बाई म्हणून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या विषयाला लागायचे. त्या रविवारी कात्रजहून चालत आल्यावर भाचा जेवला आणि थेट तळघरात गेला. चार नंबरच्या गाडीमागे खड्डा आहे, त्याच्या काठावर उकिडवा बसला. मोबाइलचा दिवा पाण्यावर धरला. तळाची फरशी दिसत होती, इतकं नितळ. त्यानं बोट बुडवून बघितलं, मग बाटलीत नमुना घेतला, तपासायला. मग मोजमापं घेतली. मागच्या महिन्यात त्यानं स्वतः आराखडा काढून कमिटीपुढे ठेवला, आणि यंदा पाडव्यानंतर पंपाचा पाइप गटारातून काढून अंगणातल्या सिमेंटच्या टाकीला जोडला. एका तोटीची टाकी.

काल संध्याकाळी कामाला येणाऱ्या बाई तिथे बादली भरत होत्या. शेजारची पाचवीतली मुलगी गॅलरीतून विचारत होती, हे पाणी कुठून येतं. मी खाली जाते म्हणाले आणि चप्पल घातली.